मदत हवी आहे : डिसेंबरात सायकलने चिखलदरा-सेमाडोह, उतारावर ब्रेकचं काय करू?

नमस्कार मंडळी. भाचा शिकायला फिनलंडला आहे. त्याने मागच्या आठवड्यात फोटो पाठवला. जंगलात गुडघाभर बर्फ, टायरला बारीक खिळे असलेली सायकल, मागे लाकडी खोपट आणि त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. खाली लिहिलं होतं, "मामा, तुमच्याकडे आहे का असं काही?"

बर्फ नाही, पण गारठा आहे ना! गेल्या डिसेंबरात चिखलदऱ्याला मुक्कामी होतो. सकाळी पाहतो तर सीटवरचं दव गोठून कडक झालेलं, नखाने खरवडावं लागलं. यंदा मी आणि मेहुणा तीन दिवस काढतोय. पहिल्या दिवशी परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदरा, दुसऱ्या दिवशी घटांगमार्गे सेमाडोह, तिथे जंगलातल्या झोपडीत मुक्काम आणि मग घरी. तूर सोंगायच्या आत परत यायचंय.

चढाची भीती नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या वर आहे, आमची सायकल बिनागियरची, तेव्हा अर्धा घाट हातात धरूनच चढायचा हे ठरलेलंच. भीती उताराची आहे. गेल्या वर्षी सकाळी सातला उतरायला लागलो. धुकं असं की दहा हातांपुढचं दिसेना. दोन्ही ब्रेक दाबले तरी रबर रिमवरून नुसतं सरकत होतं, सायकल काही थांबेना. रिम चकचकीत स्टीलची, ओली झालेली. शेवटी चप्पल रस्त्याला घासत घासत एका कठड्याला टेकलो. चप्पलेची टाच पार गेली. बोटं तर इतकी बधिर की ब्रेक धरलाय की सोडलाय तेही कळेना.

तेव्हा जाणकारांनी सांगा, नवे ब्रेक रबर घालून भागेल का, की रिमच बदलू? हातमोजे कुठले घ्यावे? आणि मेहुणा म्हणतो, झोपडीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपू. चालेल ना?

प्रतिसाद १
भाऊ, शेवटचं आधी. शेगडी खोलीत नेऊ नका हो बाप्पा! कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. फिनलंडच्या त्या खोपटाला धुराडं आहे, तुमच्या झोपडीला आहे का? बाहेर शेका आणि गोधड्या घेऊन आत जा. शेकोटीही जंगल खात्याच्या माणसाला विचारूनच पेटवा.

ब्रेकचं म्हणाल तर ओल्या स्टीलवर रबर धरतच नाही, नवं घातलं तरी फरक थोडाच. अॅल्युमिनियमची रिम बसवा. तोवर वळण यायच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबत राहा, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. आणि सातला कशाला निघता? नऊ वाजू द्या, ऊन येऊ द्या. अस्वलं, रानगवे यांच्यासाठीही तेच बरं.

प्रतिसाद २
हातमोज्यांवर पैसे घालू नका, जुने लोकरी पायमोजे हातात चढवा. खरा दगा घाम देतो. चढून घामाने बनियन भिजतं आणि उतारावर तेच बर्फ होतं. वर पोचल्याबरोबर कोरडं बनियन घाला, शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. वारा लागत नाही. पंक्चरचं सामान आणि पंप सोबत असू द्या, वाटेत दुकान नाही नि फोनच्या रेंजचा भरवसा नाही.

धागाकर्ता
लय उपकार, राजेहो. रिमचा भाव उद्याच परतवाड्याला विचारतो. शेगडीचं मेहुण्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "मग माझ्या वाटची गोधडीही तूच आण."