कुस्कोवो कुणाचं? शेरेमेत्येव्हांचं की त्यांच्या भूदासांचं?

रानजाई
मॉस्कोच्या पूर्व भागात कुस्कोवो ही शेरेमेत्येव्ह घराण्याची जुनी जहागीर आहे. १७१५ मध्ये फील्डमार्शल बोरीस शेरेमेत्येव्ह यांनी ती जागा भावाकडून विकत घेतली. त्यांचा मुलगा प्योत्र यानं तळं खोदवलं, बाग आखवली आणि १७६९ ते १७७५ मध्ये महाल उभारला. लांबून तो दगडी वाटतो. जवळ गेल्यावर कळतं की सगळा लाकडी आहे, वरून गिलावा आणि गुलाबी रंग.

कुस्कोवोबद्दल कुठेही वाचा, 'शेरेमेत्येव्हांनी बांधलं' असंच सापडतं. मला हे खटकतं. या जागेचा इतिहास मालकांच्या नावापासून नव्हे, भूदासांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या आणि मालकाच्याच ताब्यातल्या माणसांच्या, नावांपासून सुरू व्हायला हवा. तळ्याकाठची शिंपल्यांनी मढवलेली गुहा फ्योदोर आर्गुनोव्हची. तो भूदास. त्याच घरातल्या इव्हान आर्गुनोव्हनं १७६२ मध्ये खुद्द सम्राज्ञी कॅथरीनचं चित्र काढलं. तोही भूदास, आणि १८०२ मध्ये मेला तेव्हाही भूदासच. सम्राज्ञीला रंगवणारा हात दुसऱ्याच्या मालकीचा होता! त्यानं १७८४ मध्ये काढलेलं एक चित्र मी कितीदा तरी पाहिलंय. रशियन पोशाखातली एक बाई, डोक्यावर सोनेरी नक्षीचा उंच लाल शिरपेच. नजर शांत आणि ताठ. तिचं नाव कुणालाच माहीत नाही.

उत्तररात्र
भावना पोचली, पण सहमत नाही. महाल उभा करणारा वास्तुविशारद कार्ल ब्लांक होता, आणि तो भूदास नव्हता. शिवाय नुसते कुशल हात असून भागत नाही. आर्गुनोव्हला चित्रकला शिकायला पाठवलं कुणी? लाखाहून जास्त भूदास पदरी असलेले हे लोक ते पैसे मेजवान्यांत आणि जुगारात उडवू शकले असते, बाकीच्यांनी उडवलेच. यांनी नाटकशाळा काढली, शेतकऱ्यांच्या मुलांना इटालियन, फ्रेंच, गाणं शिकवलं. आश्रयदात्याचं नाव मागे ढकलणं हाही अन्यायच आहे.

रानजाई
@उत्तररात्र, ब्लांकबद्दल मान्य. पण नाटकशाळेचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. प्रास्कोव्या कोवाल्योवा यारोस्लाव्ल प्रांतातल्या भूदास लोहाराची मुलगी, जन्म १७६८. सात-आठ वर्षांची असताना तिला आईबापांकडून कुस्कोवोच्या वाड्यात आणलं. अकराव्या वर्षी, १७७९ मध्ये, ती रंगमंचावर उभी राहिली. आडनाव बदलून 'झेम्चुगोवा' केलं, म्हणजे मोत्याची. बाकीच्या मुलींनाही अशीच नावं दिली. एक ग्रानातोवा, एक बिर्युझोवा, म्हणजे पिरोजाची. मालकानं आपल्या दागिन्यांच्या पेटीतून नावं काढून पोरींना लावली. यालाच आपण आश्रय म्हणायचं का?

१७८७ मध्ये कॅथरीन कुस्कोवोला आली, प्रास्कोव्याचं गाणं ऐकलं आणि खूश होऊन हिऱ्याची अंगठी दिली. याच कॅथरीननं वीस वर्षांपूर्वी, १७६७ मध्ये, भूदासांनी मालकाविरुद्ध तक्रार करण्यावरच बंदी घातली होती. अंगठी मिळाली, पण दाद मागायची सोय राहिली नाही.

साधा वाचक
रानजाईताईंना +१.

तानपुरा
मी गाण्याच्या बाजूनं बोलतो. प्योत्रचा मुलगा काउंट निकोलाय शेरेमेत्येव्ह यानं त्यांच्या मॉस्कोतल्या दुसऱ्या जहागिरीत, ओस्तान्किनोला, जे नाट्यगृह बांधवलं (महाल १७९२ ते १७९८, तोही लाकडीच), त्याच्या माळ्यावर वाऱ्याचा, पावसाचा, गडगडाटाचा आवाज काढणारी लाकडी यंत्रं आहेत. प्रेक्षागृहाचं रूपांतर नाचाच्या दालनात करायची सोय होती. त्या काळी खासगी रंगभूमीवर एवढा जीव कोण लावत होतं? ज्याला नुसती मालकी मिरवायची आहे तो इतक्या खोलात जात नाही, निकोलायला गाण्याचं खरंच वेड होतं.

आणि तो प्रास्कोव्यावर प्रेम करत होता. १७९८ मध्ये तिला मुक्त केलं, ६ नोव्हेंबर १८०१ ला मॉस्कोतल्या पोवार्स्काया रस्त्यावरच्या चर्चमध्ये लग्न केलं. समाजात नाचक्की होणार हे माहीत असून केलं. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुलगा झाला आणि तीन आठवड्यांत ती गेली. तिच्या आठवणीत त्यानं मॉस्कोत शंभर निराधारांना आसरा आणि पन्नास खाटांचं रुग्णालय उभारायचं काम पुरं करायला घेतलं, गरीब मुलींच्या लग्नासाठी पैसे ठेवले. १८१० मध्ये ते सुरू झालं, तोवर तोही वारला होता. त्या इमारतीत पुढे तातडीच्या उपचारांची स्क्लिफोसोव्स्की संस्था आली. इतकं करणाऱ्या माणसाला निव्वळ मालक म्हणू नका.

रानजाई
@तानपुरा, त्यानं प्रेम केलं यावर माझा वाद नाही. पण लग्न गुपचूप झालं, आणि त्यासाठी वंशावळ रचली गेली, की ही कोवालेव्स्की नावाच्या पोलिश सरदार घराण्यातली. म्हणजे सून म्हणून घरात घेताना तिचा लोहार बाप पुसून टाकला. मुक्तीचंही तेच. निकोलायनं १७९८ मध्ये हिला मुक्त केलं, पण निकोलाय आर्गुनोव्ह, इव्हानचा मुलगा, तेव्हाही भूदासच होता. १८०३ मध्ये त्यानंच तिचं शेवटचं चित्र काढलं. काळ्या-लाल पट्ट्यांचा झगा, पोट वर आलेलं, चेहरा ओढलेला. मालकीतून सुटलेली बाई, आणि तिला रंगवणारा अजून मालकीतच. पुढे, १८१८ मध्ये, तो चित्रकला अकादमीचा सभासद झाला. तोवर काउंट जाऊन नऊ वर्षं झाली होती.

उत्तररात्र
वंशावळीचं मला माहीत नव्हतं, ते वाचून वाईट वाटलं. तरी मुद्दा सोडत नाही. सगळा रशिया १८६१ पर्यंत भूदासांच्या जिवावर चालला. आर्गुनोव्हसारखे हात कित्येक जहागिरींत असतील, त्यातले बहुतेक नांगर धरून संपले. कुस्कोवोत त्यांच्या हातात कुंचला आला, म्हणून आज आपल्याला त्यांची नावं तरी ठाऊक आहेत.

रानजाई
नावं ठाऊक आहेत ना? मग ती आधी घ्या, एवढंच मागतेय. आणि ग्रानातोवाचं खरं आडनाव श्लिकोवा, नाव तात्याना. प्रास्कोव्याच्या मागे तिचं पोर, द्मित्री, तिनंच वाढवलं.