बाँब एकट्या अमेरिकेकडे होता, तरी बर्लिनला रशिया का दबला नाही?

घाटावरची:
मुलाला बारावीला इतिहास आहे. शीतयुद्ध वाचताना त्याने विचारलं, १९४५ ते १९४९ अणुबाँब फक्त अमेरिकेकडे होता, मग १९४८ मध्ये रशियाच्या स्टॅलिनने पश्चिम बर्लिनचे रस्ते नि रेल्वे अडवली तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमन विमानांनी कोळसा आणि पीठ का वाहत बसला? सरळ दम का नाही भरला? नवरोबांचं उत्तर: हिरोशिमाची टोचणी. मला काही ते पटत नाही.

टपरी_तत्त्वज्ञ:
कसली टोचणी हो ताई. १९४६ ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर चाचणी म्हणून आणखी दोन उडवलेच की. खरं कारण म्हणजे रशियाचं लाल सैन्य जर्मनीत ठाण मांडून होतं. बाँब टाकला असता तर ते थेट पॅरिसकडे सुटलं असतं.

बॅटरीवाले_काका:
टपरीचं म्हणणं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून लिहायला बसलो. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजायची नळी) घेऊन एकेक सेल तपासायचा, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टर्मिनलवरचा क्षार खरवडायचा.

तेव्हा अमेरिकेकडे होता तो मार्क ३, नागासाकीवर पडला त्याच जातीचा. वजन साडेचार टन. आणि त्याची स्फोट घडवणारी यंत्रणा चालायची आपल्या ओळखीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर! चार्जिंग टिकायचं ३६ तास. मग बाँब उघडा, बॅटऱ्या काढा, ७२ तास चार्जिंगला लावा. नऊ दिवसांनी तर काढाव्याच लागत, नाहीतर गंजायच्या. प्लुटोनियमचा गोळा आत फार दिवस ठेवला तर त्याच्या उष्णतेने भोवतालचं स्फोटक खराब. म्हणजे बाँब तयार आहे, बटण दाबायचाच अवकाश, असा प्रकार नव्हताच. कोठारात सुटे भाग. जोडायला चाळीस-पन्नास माणसं आणि दोन-तीन दिवस. अशा टोळ्या जून १९४८ मध्ये, बर्लिनची कोंडी सुरू झाली त्याच महिन्यात, किती होत्या? तीन.

बाँब म्हणाल तर पन्नासच्या आसपास, आदल्या वर्षी फक्त १३. ते नेऊ शकतील अशी फेरफार केलेली बी-२९ बाँबफेकी विमानं न्यू मेक्सिकोत रॉसवेलला. त्यांनी आधी सँडियाच्या लष्करी तळावर जाऊन बाँब उचलायचे, मग परदेशातला तळ गाठायचा, मग पुढचं. एवढ्यात रशियाला कळणार नाही होय?

घाटावरची:
पण काका, त्याच जुलैत बी-२९ इंग्लंडला पाठवली होती ना? कुठेतरी वाचलंय.

बॅटरीवाले_काका:
पाठवली ना, साठ. हाच तो दम. जगाने धरून चालावं की ही अणुबाँबवाली विमानं आलीत. प्रत्यक्षात त्यांत अणुबाँब लटकवायची सोयच नव्हती. ट्रूमनने तर त्याच महिन्यात बाँब लष्कराच्या ताब्यात द्यायलाही नकार दिला, ते नागरी अणुऊर्जा आयोगाकडेच राहिले. माणूस बाँबला भीत होता हे मी मानतो, तेवढ्यापुरते तुमचे नवरोबा जिंकले.

टपरी_तत्त्वज्ञ:
पण ही पोकळी स्टॅलिनला ठाऊक असेल?

बॅटरीवाले_काका:
असावी असं मला वाटतं. वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत डोनाल्ड मॅक्लीन बसला होता, मॉस्कोचा हेर. अणुऊर्जा आयोगाच्या इमारतीत सोबतीला कुणी नसताना फिरायचा पास होता त्याच्याकडे. भले शाब्बास! शिवाय रशियाचं स्वतःचं काम जोरात चालूच होतं. अमेरिकेच्या बाँब प्रकल्पात काम केलेला शास्त्रज्ञ आणि रशियाचा हेर क्लाउस फुक्स याने पुरवलेल्या माहितीवरून त्यांनी त्याच नागासाकीवाल्या बाँबची जवळपास नक्कल केली आणि २९ ऑगस्ट १९४९ ला कझाकस्तानातल्या सेमीपलाटिन्स्कला उडवली. आता नक्कल म्हटल्यावर बॅटऱ्यांची कटकटही सोबत आली असणार, हा आपला माझा तर्क.

घाटावरची:
वाचून दाखवलं. चिरंजीव आता विचारताहेत, रशियाने तर गुपचूप उडवला, मग अमेरिकेला कळलं कसं?

बॅटरीवाले_काका:
जपानहून अलास्काकडे निघालेल्या अमेरिकी हवाई दलाच्या हवामान-टेहळणी विमानावर गाळणीचा कागद लावलेला असे. ३ सप्टेंबरला त्यावर किरणोत्सारी धूळ सापडली. २३ ला ट्रूमनने जगाला सांगितलं, तेही "बाँब" न म्हणता नुसता "अणुस्फोट" म्हणून. पोराला म्हणावं, यावर वेगळा धागा काढ, मी येतो.