मदत हवी आहे: तांब्याच्या भांड्यांचे फोटो सपाट दिसतायत, खोली कशी आणू?

तांबेपितळ
नमस्कार मंडळी. दुकानाचा कॅटलॉग करतोय, परवा छपाईला द्यायचाय. भांडी कापून पांढऱ्या बॅकग्राउंडवर ठेवली, पण सगळी चिकटवल्यासारखी दिसतात. ड्रॉप शॅडो (मागे पडणारी सावली) दिली, बेव्हल-एम्बॉस (कडा उठावदार करणारा इफेक्ट) करून पाहिलं. घंघाळाच्या कडेला चकचकीत पट्टी आली, पोट सपाटच. व्हिडिओंमध्ये सगळे अक्षरांवरच दाखवतात. कृपया थेट उपाय सांगा, थिअरी नको.

पिक्सेलवेडा
सॉफ्टवेअर कुठलं? फाइलमध्ये लेयर, म्हणजे वेगवेगळे थर, शिल्लक आहेत की नुसती जेपीजी उरलीय? एक तरी फोटो टाका की राव.

मुक्ताई_डिझाइन
आणि मूळ फोटोत उजेड कुठून आलाय? ते कळल्याशिवाय सावली कुठल्या बाजूला टाकायची हे कोण सांगणार?

तांबेपितळ
फोटोशॉप. लेयर आहेत. उजेड म्हणजे मोबाइलचा फ्लॅश, समोरून. घंघाळ आणि बंबाचा फोटो जोडलाय. आता सांगा.

खिडकीचा_उजेड
सगळं दुखणं त्या फ्लॅशमध्ये आहे. समोरून उजेड मारला की सावली भांड्यामागे दडते, मग गोलाई दिसणार कशी? भांडं खिडकीशी ठेवा, काचेला ट्रेसिंग पेपर लावा, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. आधी चिंच-मिठाने घासून घ्या म्हणजे झळाळी येईल.

पिक्सेलवेडा
लखलखीत घासलं तर फोटो काढणाराच त्यात दिसेल. आणि परवा छपाई आहे, सगळा माल परत कधी काढणार ते?

मुक्ताई_डिझाइन
@तांबेपितळ, थोडी थिअरी ऐकावी लागेल, नाहीतर पुढच्या भांड्याला पुन्हा अडाल. बेव्हलला फक्त लेयरची कड कळते, घंघाळाचं पोट कळत नाही. ड्रॉप शॅडो तर भांड्याला बॅकग्राउंडपासून जरा वर धरलेला कागदच समजते. म्हणून दोन्ही काढून टाका.

ऑल्ट दाबून नवीन लेयरचं बटण दाबा. स्क्रीनवर एक चौकट उघडेल, तिथे क्लिपिंग मास्कवर टिचकी (म्हणजे रंग भांड्याबाहेर जात नाही), मोड सॉफ्ट लाइट, आणि ५० टक्के करड्या रंगाने भरायचा पर्याय निवडा. मग मोठा मऊ ब्रश, फ्लो ५ ते १० टक्के. उजेड डावीकडून आहे असं एकदा ठरवा आणि सगळ्या पानांवर तेच पाळा. डावीकडे पांढरा फिरवा, उजवीकडे काळा. सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नको, थोडा आत घ्या. कडेवर आजूबाजूचा उजेड परतून येतो, ती किंचित उजळच राहते. गोलाई तिथेच दिसायला लागते.

खालची सावली दोन लेयरवर, दोन्हींचा मोड मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा). बुडाशी टेकते तिथे बारीक, गडद रेघ, ब्लर नावापुरता. दुसरी उजवीकडे पसरलेली, फिकट, ब्लर भरपूर. रंग निव्वळ काळा घेऊ नका, तपकिरीकडे झुकलेला घ्या.

गिम्पभक्त
हे सगळं गिम्पमध्ये फुकट होतं. लेयरवर उजवी क्लिक, अल्फा टू सिलेक्शन (फक्त भांड्याचा आकार निवडला जातो), मग वरच्या लेयरवर रंगवा. दुकानदाराने दरमहा पैसे का भरावेत?

पिक्सेलवेडा
त्यांच्याकडे फोटोशॉप आहे हो. ऐन छपाईच्या तोंडावर सॉफ्टवेअर बदलायला सांगू नका.

गिम्पभक्त
हा धागा उद्या दुसरा कोणी वाचेल, त्याच्यासाठी लिहिलंय.

अक्षरगंध
मुखपृष्ठावर दुकानाचं नाव उठावदार हवं असेल तर अक्षरांना बेव्हल द्या, साइज कमी ठेवा आणि ग्लोबल लाइट चालू ठेवा. छान दिसतं.

तांबेपितळ
मुखपृष्ठ झालंय. मुक्ताईताई, घंघाळाला पोट आलं! सावलीही बसली. पण हातोडीचे ठोके दिसत नाहीत, गिऱ्हाईक तेच बघून भांडं घेतं.

कसबा_पेठ
ठोके म्हणजे मठारकाम ना? आमच्या पुण्याच्या तांबट आळीत त्याचा आवाज ऐकतच वाढलो. ती नुसती नक्षी नाही, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. कॅटलॉगमध्ये हे एका ओळीत जरूर लिहा, मशीनच्या भांड्याशी फरक लोकांना कळू दे.

खिडकीचा_उजेड
प्रत्येक ठोक्याला एक उजळ आणि एक गडद बाजू असते. फ्लॅशने ती पुसली गेलीय, ब्रशने रंगवाल तर खोटी दिसेल. निदान घंघाळ आणि बंब तरी खिडकीशी परत काढा, उजेड अगदी तिरका घ्या.

मुक्ताई_डिझाइन
इथे मी यांच्याशी सहमत. ती दोन भांडी परत काढा, बाकीच्यांना ब्रश पुरेल. आणि छापखान्यातून एका पानाचं प्रूफ (छापलेला नमुना) मागवा. स्क्रीनवर दिसणारी फिकट सावली कागदावर कधीकधी उडते.

तांबेपितळ
सकाळी गच्चीच्या दारात काढतो. बंबाच्या तोटीची सावली पोटावर पडते, ती पण वेगळ्या लेयरवर घ्यायची का?

मुक्ताई_डिझाइन
नव्या फोटोत ती आपोआप येईल, तिला हात लावू नका. फक्त उजेड डावीकडूनच येऊ द्या, बाकी पानांशी जुळला पाहिजे.