परदेशी नातलगांकडे जाताना घरचे जिन्नस न्यावेत, की तिथलेच काही घेऊन द्यावे?

फोंडेकर मामा

येत्या मे महिन्यात आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी लिस्बनला भाच्याकडे जात आहोत. तिकिटे काढल्यापासून घरात एकच विषय चालू आहे, तो म्हणजे बॅगेत काय भरायचे. सौभाग्यवतींच्या यादीत सोलां (म्हणजे आमसुले), आपल्या गोव्याच्या शागोतीच्या रश्श्याचा मसाला, उकडे तांदूळ, घरचे साजूक तूप, मानकुराद आंबे आणि जागा उरलीच तर आमचे कपडे, असा क्रम आहे.

माझे मत निराळे आहे आणि ते विरोध होईल हे जाणून मांडतो. आपण परदेशी जे नेतो, ते यजमानाच्या गरजेपेक्षा आपल्या समाधानासाठी असते. पूर्वी परदेशात गेलेल्या माणसाला तूरडाळही मिळत नसे, तेव्हा पिशव्या भरून नेण्याला अर्थ होता. आज लिस्बनच्या मार्तिम मोनिझ भागात भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत आणि भाच्याची बायको तिथूनच सारे आणते. उलट आम्ही दोघे तीन आठवडे राहणार म्हणजे तिचे वाणसामान वाढणार, विजेचे बिल वाढणार आणि आम्हाला फिरवण्यासाठी भाच्याची रजा खर्ची पडणार. त्यापेक्षा तिथे गेल्यावर आठवड्याचा बाजार आपण भरावा, एकदा सर्वांना बाहेर जेवायला न्यावे आणि मुलांसाठी त्यांच्या आईला विचारून काही घ्यावे, ही खरी भेट नव्हे काय? इथून फार तर काजूच्या फेणीची एक बाटली न्यावी. तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ती नासतही नाही.

म्हापसेकरीण

मामा, रागावू नका, पण आपण सांगता ती भेट नसून हिशेबाची फेड आहे. आपण आठ दिवस जेवलो म्हणून आठ दिवसांचा बाजार भरला, असा व्यवहार खाणावळीत शोभतो, भाच्याच्या घरात नव्हे. मामा घरी आला की त्याच्या पिशवीत काय आहे हे भाच्याने डोकावून पाहायचे असते, मग तो भाचा चाळीस वर्षांचा का असेना.

दुसरे असे की, आपण मे महिन्यात जाणार आहात. त्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी पुरुमेंत भरण्याची घाई असते. सोलां त्यांच्याच रसाचे पुट देत उन्हात वाळत असतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खोलाची मिरची घ्यायला बायका भाव करत उभ्या असतात, चिंचेचे गोळे मिठात बांधले जातात. हा पावसाळ्यासाठी केलेला घराचा साठा असतो आणि त्यातला वाटा ज्याला द्यायचा, तो या घरचा असतो. लिस्बनच्या दुकानात कोकम मिळत असेलही, पण आपल्या कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, रातांब्यांचा वाटा तिथे विकत मिळणार नाही. (पुरुमेंत हा शब्दही पोर्तुगीजांच्या ‘प्रोव्हिमेंतु’वरून आला आहे, तेव्हा तो परत त्यांच्याच राजधानीत जातो आहे असे समजा.)

काणकोणकर

भावनेचा वाद चालू राहू द्या, पण मामींच्या यादीतले निम्मे जिन्नस पोर्तुगालच्या विमानतळावरच काढून घेतले जातील, हे आधी ध्यानात घ्या. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धपदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप घरीच ठेवावे. १४ डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांनाही रोग-किडींपासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यातून केवळ अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना सूट आहे. म्हणजे मानकुराद अडेल आणि नारळ सुटेल! आंब्याच्या बाबतीत हे लोक पूर्वीपासूनच कडक आहेत. फळमाशी सापडल्यामुळे २०१४ च्या मे महिन्यात त्यांनी भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती आणि ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठवली.

मात्र नारळ सुटतो म्हणून कोणी सुके खोबरे बॅगेत भरू नये. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक वस्तूंत मोडते. फेणी प्रत्येक प्रौढामागे एक लिटर करमुक्त नेता येते. ती दुकानातली, बंद झाकणाची असावी, गावच्या भट्टीवरून प्लास्टिकच्या बाटलीत भरून आणलेली नको. गंमत म्हणजे सुक्या मासळीला वैयक्तिक वापरासाठी वीस किलोपर्यंत मुभा आहे.

दुबईवाली सून

मुलूख बदलला की नियमही बदलतात, एवढेच सांगते. अमिरातीत खसखस निषिद्ध आहे आणि आपल्या शागोतीच्या मसाल्यात ती हमखास असते. माझ्या सासूबाई प्रेमाने भाजून, वाटून आणणार होत्या. निघण्याच्या आदल्या दिवशी मला कळले म्हणून थोडक्यात निभावले.

डिचोलीचे मास्तर

खाद्यपदार्थ चार दिवसांत संपतात, म्हणून टिकणारी वस्तू द्यावी असे मी म्हणेन. मी पुतण्याला पितळेची समई दिली होती. आता हेही सांगितले पाहिजे की, त्याने ती पेटवल्याबरोबर छतावरचा धुराचा भोंगा वाजू लागला आणि शेजारी जिन्यात जमले. समई तिथेच आहे, पण वातीविना.

लिस्बनवासी वहिनी

मी ज्या बाजूला राहते, त्या बाजूचे कोणी बोललेच नाही म्हणून लिहिते. अकरा वर्षांत आमच्याकडे चौदा वेळा पाहुणे आले आणि दोन्ही पक्षांचे प्रयोग माझ्या स्वयंपाकघरात झाले आहेत.

काणकोणकर म्हणतात त्या वीस किलोंची सुकी मासळी कृपया कोणीही आणू नये. आमच्या इमारतीला एकच लिफ्ट आहे. आमच्या शीतकपाटाला तीन खण आहेत आणि पाहुणे रात्री अकराला पोहोचून बारा किलो जिन्नस ओट्यावर मांडतात, तेव्हा आनंद होतो हे खरे, पण ते ठेवायचे कुठे हा प्रश्न माझा असतो. नंतर रोज ‘तो मसाला काढलास का?’ अशी चौकशी होते, ती वेगळी.

पण मामांनी सुचवलेला मार्गही सोपा नाही. आमचे एक आप्त मला न सांगता आठवड्याचा बाजार भरून आले. त्यात आम्ही खात नाही असे कितीतरी होते आणि पावती तेवढी मेजावर राहिली होती. त्या पावतीकडे पाहून मला म्हापसेकरीणबाई म्हणतात तसेच, खाणावळ चालवत असल्यासारखे वाटले.

‘काय आणू?’ असे विचारले तर आम्ही ‘काही नको’ असेच म्हणणार, कारण दुसरे काही म्हणण्याची आपल्यात रीत नाही. त्याऐवजी ‘सोलां संपली का?’ असे नेमके विचारावे. माझ्या आतेसासूबाईंनी तसे विचारले, अर्धा किलो सोलां आणि पावशेर मिरची आणली. इथे आल्यावर संध्याकाळी कामावरून मी परतेपर्यंत माशांचे हुमण (आमटी) तयार ठेवत होत्या. त्यांच्या बॅगेचे वजन किती होते, ते मला आठवतही नाही.

म्हापसेकरीण

वहिनी, सोलां त्यांनी इथूनच आणली ना? मग माझाच मुद्दा सिद्ध झाला.

फोंडेकर मामा

म्हापसेकरीणबाईंचा मुद्दा अर्धा सिद्ध झाला, असे मी मान्य करतो. बाहेर जेवायला नेण्याचा बेत मात्र सोडणार नाही आणि बाजाराला गेलो तर वहिनींच्या अनुभवावरून यादी भाच्याच्या बायकोकडून घेऊनच जाईन. काल तिला फोन करून ‘सोलां संपली का?’ असे शब्दशः विचारले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मामा, दिवाळीतच संपली.’ तूप आणि मानकुराद यादीतून गेले; मानकुरादाच्या जागी सौभाग्यवतींनी दोन नारळ लिहिले आहेत आणि याला जबाबदार काणकोणकर आहेत.

आता कोणी जाणकाराने एवढेच सांगावे की, ताजी सोलां कशात बांधावीत? मागे मुंबईला नेली होती, तेव्हा त्यांचा रस पाझरून माझी दोन पांढरी शर्टे जांभळी झाली.

लिस्बनवासी वहिनी

निघण्यापूर्वी दोन उन्हे जास्त द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून तो डबा मामींच्या कपड्यांत न ठेवता आपल्याच कपड्यांत ठेवा.