टेन्शन नुसतं निमित्त नाही

"टेन्शनने हार्ट अटॅक येतो ही पळवाट आहे, खरं कारण कोलेस्टेरॉल आणि तंबाखू" हे मत मला अर्धंच पटतं. हार्ट अटॅकच्या कारणांवरच्या 2004 च्या 'इंटरहार्ट' अभ्यासात 52 देशांतले रुग्ण तपासले होते. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांच्याच यादीत मानसिक-सामाजिक ताणही स्वतंत्र धोका म्हणून आला. म्हणजे तंबाखूचा दोष कमी होत नाही, ताणाचा त्यात वेगळा हिशोब धरावा लागतो.

या मतात राहिलेली गोष्ट अशी, की ताण गोळ्यांच्या डबीतूनही काम करतो, म्हणजे ताणात माणूस औषधं आणि चांगल्या सवयीच सोडतो. 2019 च्या महापुरात सांगलीत मारुती चौकाजवळचं आमच्या काकांचं दुकान बुडालं. माल गेला, उधारी अडकली. बीपीची गोळी ते वीस वर्षं न चुकता घेत होते, ती "आता कशाला" म्हणत बंद केली. आमराई बागेतलं फिरणं सुटलं, कट्ट्यावरची मंडळी तुटली, सुटलेली तंबाखू परत हातात आली (काकू ओरडून थकली). चार महिन्यांनी अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची प्रक्रिया)! डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल विचारलं, झोप लागते का, घरी बोलता का, हे कुणी विचारलंच नाही. काकाही आपणहून सांगणाऱ्यातले नव्हेत. पुढे कट्ट्यावरचा एक मित्र रोज सकाळी दारात येऊन उभा राहायला लागला, तेव्हा कुठे चालणं आणि गोळ्या दोन्ही सुरू झालं.