मदत हवी आहे: टिन व्हिसल हातात स्थिर राहत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही डब्लिनला राहतो, लेक तिसरीत आहे. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांच्या हाती पहिलं वाद्य येतं ते टिन व्हिसल. सहा भोकांची, उभी धरायची, फूटभर लांबीची शिट्टी. तिचा सराव ऐकून ऐकून मीही एक आणली, साधी डी पट्टीची. पितळी नळी आणि वर हिरवी प्लास्टिकची चोच.

चार महिने झाले. सा ते ध ठीक येतात, गाडी अडते ती 'नी'वर. (सगळी भोकं बंद तो सा धरला, तर सहाच्या सहा उघडी म्हणजे शुद्ध नी. इथे त्याला सी शार्प म्हणतात.) सगळी बोटं उचलली की शिट्टीला आधार उरतो तो खालून दोन अंगठ्यांचा. ती डोलायला लागते. मग मी ओठांनी आवळते, तेवढ्यानं भागलं नाही की दातांनी. चोचीवर दातांच्या खुणा उमटल्यात! त्यात नी नंतर लगेच वरचा सा असेल तर बोटं एकदम आपटतात, शिट्टी उसळते, एखादं भोक अर्धवट उघडं राहतं आणि स्वराऐवजी किंकाळी निघते. परवा हातातून निसटून फरशीवरच पडली. लेक शांतपणे म्हणाली, "आई, आमच्या वर्गात असं कुणाचंच होत नाही."

अंगठे घट्ट दाबून पाहिले, तर मनगट दुखायला लागलं. हळू वाजवलं तर सांभाळून घेता येतं, पण जिगच्या, म्हणजे इथल्या चपळ नाचाच्या धुनेच्या, वेगात नाही. बासरीवाल्यांनो, तुम्ही काय करता?

प्रतिसाद: बांबूवाला

आमचंही होतं की! फक्त आमच्याकडे तीन भोकं बंद तो सा, त्यामुळे सहाही उघडी म्हणजे तीव्र मध्यम. पण बासरी आडवी, हनुवटीपाशी टेकलेली, म्हणून थोडं निभावतं. उजवी करंगळी मोकळी हवेत ठेवता का? ती नळीवर टेकवा, शेवटच्या भोकाच्या पलीकडे. बासरीला कधी कधी तिथे सातवं भोक असतं, तुमच्या शिट्टीला ती भानगड नाही. करंगळीनं दाबायचं नाही, नुसती टेकवायची.

प्रतिसाद: गॉलवेकर

ताई, करंगळी बरोबरच आहे, पण खरी युक्ती अनामिकेची. नी वाजवताना सहाही बोटं उचलायलाच हवीत असं कोण म्हणालं? वरचं भोक उघडं असलं की स्वर मुख्यतः तिथेच ठरतो, तळाचं सहावं भोक झाकल्यानं फारसा फरक पडत नाही. तेव्हा उजवी अनामिका खालीच राहू द्या. ध ला सुद्धा चालतं. इथे पबमधल्या सेशनला, म्हणजे लोक जमून वाजवतात तिथे, बसून त्यांची बोटं बघा, कितीतरी जण हेच करतात. कोमल नी ला तर दुसरं आणि तिसरं भोक बंदच असतं, तिथे शिट्टी हलायचं कारण नाही.

आणि ते दात आधी सोडा. बासरीत ओठांचा कोन बदलला की स्वर बदलतो, इथे तसं नाही. फुंक चोचीतल्या फटीतून थेट खिडकीच्या (चोचीवरच्या चौकोनी भोकाच्या) धारेवर जाते, आवाज तिथे तयार होतो. ओठांचं काम एवढंच की हवा बाजूनं निसटू नये. उजवा अंगठा चौथ्या-पाचव्या भोकाच्या खाली येतोय ना? बोटं मात्र उंच उडवू नका, भोकापासून जेमतेम सेंटीमीटरभर. आपटणं त्यानंच कमी होईल.

प्रतिसाद: बांबूवाला

अनामिकेचं माहीत नव्हतं. घाम येत असेल तर अंगठ्याच्या जागी कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावा, पितळ फार निसरडं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. आरशासमोर उभी राहिले तेव्हा कळलं, करंगळी चहाचा कप धरल्यासारखी वर होती! ती टेकवली, अनामिका खाली ठेवली आणि आठवड्याभरात नी-सा चक्क आला. दात सुटायला वेळ लागतोय, वेग वाढला की आपोआप आवळले जातात.

नवी अडचण: आता अनामिका उचलायचीच विसरते. नी वरून ग वर आले की ती तशीच सहाव्या भोकावर, आणि शुद्ध ग चा कोमल होतो. आनंदी जिग मध्येच रडवेली होते. लेकीला हे फार आवडलंय, मुद्दाम पुन्हा वाजवायला लावते. यावर काही सराव आहे का?

प्रतिसाद: गॉलवेकर

आहे. नी-ग, नी-ग, एवढंच, पाच मिनिटं. शेजारी घरी नसताना.