घुमट संरक्षित, पण बागेच्या भिंतीचं काय?

‘मकबरा केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे, म्हणजे बागेची जुनी भिंत आपोआप वाचली’ हा समज अर्धाच खरा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात कुंपणाला आणि जपणुकीला लागणारी लगतची जमीन स्मारकातच धरता येते, पण हद्द शेवटी ठरते अधिसूचनेत. भिंत त्या रेषेच्या आत असेल तर ती पाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीतली नव्या बांधकामावरची १०० मीटरची मनाईही या हद्दीपासून मोजतात, घुमटापासून नाही.

खरी पंचाईत रेषेबाहेरच्या भिंतींची. इथे ग्वाल्हेरात सूफी संत मुहम्मद घौसच्या मकबऱ्याच्या बाजूला मावशीच्या अंगणाची जुनी भिंत आहे, चुन्यात बांधलेल्या बारक्या विटांची. त्या १०० मीटरांतल्या, १६ जून १९९२ पूर्वीच्या बांधकामाची दुरुस्ती करता येते, पण आधी परवानगी लागते, आणि त्या कागदांच्या धास्तीने लोक भिंतीकडे बघतच नाहीत. मग एखाद्या पावसाळ्यात घाईने सिमेंटचा गिलावा मारतात. त्याने आत मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही, विटांचा भुगा होतो. मावशीकडे खालचे तीन थर नखाने खरवडले तरी निघतात. परवानगी मागताना अर्जातच चुन्याचं काम करणार असं स्पष्ट लिहा, आणि जुन्या भिंतीचे फोटो जोडा. ती पडल्यावर तिथे भिंत होती हे सिद्ध करायला दुसरं काही उरत नाही.